टेकडीकडे तोंड करून

सयत्राबाई गायला बसली की लोकांकडे पाठ करायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाई लाजते. तलावाच्या पाळीखालच्या मैदानात सारं गाव सतरंज्यांवर बसलेलं, आणि ही आपली मंचावर टेकडीकडे तोंड करून. मी सिहोऱ्याचा साऊंडवाला. लग्नं, भागवत सप्ताह, प्रचारसभा यांतच माझं आयुष्य गेलं, पण पाठमोऱ्या गाणाऱ्या माणसाला माईक लावायची वेळ आली नव्हती. म्हटलं, "बाई, लोकांकडे पाहा ना जरा."

"लोकं आयकाले आले, भाऊ. माहं तोंड पाहाले नाही आले," ती म्हणाली. "मले टेकडी दिसली पाहिजे."

बाई पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा डोमाजी मुका वाटावा इतका कमी बोलणारा. तलावाखाली त्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, होती. टेकडीवरून उतरणाऱ्या पाण्यावर तलाव भरायचा आणि तलावाच्या पाण्यावर अर्धं गाव पिकायचं. टेकडीच्या एका कोपऱ्यातून रस्त्यासाठी मुरूम काढायची परवानगी एका ठेकेदाराला मिळाली होती. तो कोपरा काही कोपरा राहिला नाही. दर हंगामात त्याची कड पुढे सरकायची. अर्ज झाले, मोजणी झाली, कड सरकतच राहिली. तेव्हा सयत्राबाईनं वैशाखात गाण्याचा कार्यक्रम सुरू केला. पवनीचं भजनी मंडळ यायचं, चिखल्याच्या खाण वसाहतीतली तरुण पोरं आपला बँड घेऊन यायची, शेजारच्या गावचे डफवाले यायचे. जमलेल्या वर्गणीतून टेकडीवर पाणी अडवायला चर खोदायचे, मोहाची रोपं लावायची, आणि वणव्याच्या दिवसांत एक राखणदार ठेवायचा.

"पाहून राहिली मी" हे तिचं ठरलेलं वाक्य. आंब्याला दगड मारणाऱ्या पोरांना, वजनात काटा मारणाऱ्या दुकानदाराला, भाजीत चोरून मीठ घालणाऱ्या डोमाजीला, सगळ्यांना तेच. रागावून नाही, अगदी सहज. पण ते ऐकल्यावर माणूस हात आवरायचा.

दुसऱ्या वर्षी मी वायरी ओढत होतो, तेव्हा भर दुपारी ती मला टेकडीवर घेऊन गेली. मुरमाच्या खाणीच्या वरच्या अंगाला जमिनीत एक भेग पडली होती. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. आत गार होतं. बाहेर सगळं तापलेलं आणि त्या भेगेतून थंड वाफ यावी तसं काहीतरी बोटांना लागलं. मी हात पटकन बाहेर काढला.

"खालून पोट कोरून टाकलं इचं," ती म्हणाली. "वरचं किती दिस टिकन?"

उतरताना ती आणखी एक गोष्ट बोलली. गेल्या वर्षी गाता गाता तिला खाणीच्या बाजूला काहीतरी हालताना दिसलं होतं, दिवेलागणीच्या सुमारास. लोकांना सांगितलं तर म्हणाले, गुरं असतील. मग त्या दुसऱ्या वर्षीच्या कार्यक्रमातही तिला तसंच दिसलं. त्याही वर्षी लोक तेच म्हणाले.

तिसऱ्या वर्षी ठेकेदार स्वतः गावाच्या बैठकीला आला. माणूस गोड बोलणारा. सयत्राबाईच्या पाया पडला. "मावशी, येवढा चांगला कार्यक्रम अन् आवाज मागच्या लोकांपर्यंत पोचत नाही. यंदा साऊंड माझ्याकडून. मोठा लावा." मंडळी खूश झाली. मीही खूश झालो, मोठं काम कोणाला नको असतं? परत जाताना सयत्राबाई रस्त्यात थांबली.

"याले काहून येवढा पुळका आला, भाऊ?"

मी म्हटलं, "इज्जत वाढवायची असेल गावात."

ती टेकडीकडे बघत राहिली.

कार्यक्रमाच्या दिवशी वारा अजिबात नव्हता. पळसाचं पान हलत नव्हतं. सूर्य बुडाला तरी जमिनीतून आच येतच होती. राखणदारही आपल्या बायकोपोरांसह खाली येऊन बसला होता. घरात कोणी थांबलंच नव्हतं. आधी चिखल्याच्या पोरांनी वाजवलं. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला पायाखालची भुई थरथरत होती. मग सयत्राबाई बसली. सवयीप्रमाणे पाठमोरी. पहिलं कडवं झालं, दुसऱ्याच्या मध्येच ती थांबली. मला वाटलं माईक गेला.

"भाऊ, बंद कर."

"काय झालं, बाई?"

"सारं बंद कर म्हनते ना!"

मी सगळे आवाज खाली ओढले. क्षणभर कानात नुसतं दडदडत राहिलं. मग टेकडीकडून घरघर ऐकू आली. पोकलेनची. मग टिप्पर मागे घेताना वाजतो तो टूं-टूं आवाज. सारं मैदान ऐकत होतं. कोणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. गावानं टेकडीसाठी गायचं, आणि त्याच आवाजाच्या आडोशाला त्यांनी टेकडी खणायची. मोठा साऊंड त्यासाठी होता.

सयत्राबाई मंचावरून उतरली आणि चालू लागली. मागून डोमाजी, मागून आम्ही सगळे. लोकांचे टॉर्च बघून टिप्पर पळाले. पोकलेन मात्र कड्याच्या पोटाशी लागून अजून खणत होती. चालकाची केबिन बंद, त्याला आमचा आरडाओरडा ऐकूच जात नव्हता. वरून बारीक मुरूम झरत होता, चाळणीतून पीठ पडावं तसा.

तिनं दोन्ही हात पसरून आम्हाला अडवलं. "कोनी समोर येऊ नोका! वरून दरड येऊन राहिली!"

आणि स्वतः पुढे गेली. केबिनच्या दारावर तिनं दगड मारायला सुरुवात केली. चालकाला वाटलं, बाई मारायला आली. त्यानं आतून दार धरून ठेवलं. "उतर बाबू, नीचे उतर! ऊपर देख!" ती वर बोट दाखवून जीव तोडून ओरडत होती. त्यानं वर पाहिलं, दार उघडलं, उडी मारली आणि आमच्याकडे पळत सुटला. ती त्याच्या मागे होती. चार पावलं मागे असेल.

दरड कोसळते तेव्हा मोठा आवाज होत असेल अशी माझी समजूत होती. तसा झाला नाही. धानाची पोती एकदम उलटी करावीत, तेवढाच झाला. आम्ही हातांनी उकरलं. तो चालकही आमच्या बरोबर उकरत होता, रडत, बोटं फुटेपर्यंत. ती सापडली तेव्हा उशीर झाला होता.

तेरवीला ठेकेदार आला. पांढरे कपडे, डोळ्यांत पाणी. मंडपात बसून म्हणाला, "मावशीच्या नावानं दरवर्षी मोठा महोत्सव करू. स्टेज, लाईट, साऊंड, सगळं माझ्याकडं." मंडळी मान खाली घालून बसली.  तेवढ्यात डोमाजी बोलला. त्याचं एवढं लांब वाक्य मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

"नोको जी. गाना सुरू झाला का आमाले आयकू येत नाही."

"विचार करा, घाई नाही," ठेकेदार हात जोडून म्हणाला, आणि हसून निघून गेला.

चालक बालाघाटकडचा. त्यानं पोलिसांत सगळं खरं सांगितलं आणि गावी परत गेला. खटला चालू आहे. खणणं थांबलं, गाणंही थांबलं. आता उन्हाळ्यात रोज संध्याकाळी एकेका आळीतली माणसं पाळीपाळीनं टेकडीवर जाऊन बसतात. लग्नाचं काम नसलं की मीही जातो. खाणीकडे कान लावून बसतो.

परवा गेलो तर डोमाजी पलीकडच्या उताराकडे बघत उभा होता. खाली पळसाच्या झुडपांमधून चुन्याच्या दोन पांढऱ्या रेषा वर येत होत्या, टिप्परसाठी रस्ता आखतात तशा. "सकारी आलो तवा नव्हत्या," तो म्हणाला. आम्ही दोघं उतरलो आणि पायांनी त्या पुसायला लागलो. उतार लांब होता, उजेड कमी होत चालला होता, आणि त्या रेषा कुठून सुरू होतात ते काही दिसत नव्हतं.