चोरून उतरवलेलं वजन

डॉक्टरांना फसवायला मी दोन दिवस मीठ सोडलं आणि अंगातलं पाणी काढायची गोळी दुप्पट घेतली, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा मी तरुण होते हो, एकोणसत्तर वर्षांची. अक्कल यायची होती.

माझ्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला. त्यामुळे हृदयाची उजवी बाजू थकते आणि अंगात पाणी साठतं. ते किती साठलंय हे दाखवायला मी दर महिन्याला कसब्यातून रिक्षा करून एका डॉक्टरीणबाईंकडे जायचे. आता त्या परगावी गेल्या. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ फार गोड बोलतात. करमत नाही.

बाईंना ‘या, बसा’ म्हणायची सवय नव्हती. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलायची, “मान डावीकडे. बोलू नका,” म्हणायचं आणि मानेवरच्या शिरेकडे बघत राहायचं. तव्यावरची पोळी फुगायची वाट बघणारी बाई तुम्ही पाहिली असेल, तस्सं. मग नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते बघायचं. मग उलटतपासणी.

“धाप लागते म्हणून उशा किती घेता?”

“दोनच.”

“खऱ्या सांगा.”

“तीन.”

“लोणचं?”

“नावाला.”

“नाव नको. फोडी किती, ते सांगा.”

“चार.”

“चपलेचा पट्टा रुततोय का?”

“चपलाच जुन्या झाल्यात हो.”

“आजी, मी चपला तपासत नाही.”

असा संताप यायचा! घरी सून रोज चहाच्या आधी वजनकाट्यावर उभी करायची, आणि इथे या बाई. आमच्या ह्यांनी जन्मात इतक्या चौकशा केल्या नव्हत्या.

त्या महिन्यात पंधरवड्यावर नातीचं लग्न आलेलं, आणि मागच्या खेपेला बाईंनी बजावलेलं, “पाणी आणखी वाढलं तर दाखल करावं लागेल.” म्हणून माझी ती हुशारी.

बाईंकडच्या काट्यावर चढले. वजन झक्क उतरलेलं. मी पहिला नंबर आल्यासारखी पलंगावर आडवी झाले. बाईंनी मानेवर शीर शोधली, दिसेना. नडगी दाबली, खड्डा पडेना. मला उभं करून रक्तदाब घेतला, तर तो घसरला आणि मला गरगरलं.

“जुलाब झाले का?”

“नाही.”

“गोळी जास्त घेतलीत?”

“छे हो! मी कशाला?”

बाईंनी माझ्याकडे नको इतका वेळ पाहिलं.

“अंग फार कोरडं पडलंय. तेही वाईटच. गोळी निम्मी करा, आणि चार दिवसांनी पुन्हा दाखवून जा.”

चार दिवसांनी कोण जातंय? घरात चकल्या तळणं चालू होतं, आणि चव बघायला कुणीतरी लागतंच. निम्मी गोळी मात्र मी अगदी इमानाने घेतली. वजन चढायला लागलं तेव्हा सुनेला म्हटलं, “काटा बिघडलाय.” घोटे सुजले तेव्हा म्हटलं, “उभं राहून राहून.” शेवटी परकराची नाडी पुरेना आणि दोन पायऱ्यांत धाप लागायला लागली, तेव्हा म्हणायला काही उरलंच नाही. हळदीच्या दिवशी सुनेने पिवळ्या हातांनीच मला रिक्षात घातलं.

“आई, आज तरी काट्याला नावं ठेवू नका,” एवढंच बोलली बिचारी.

लग्न लागलं तेव्हा मी दवाखान्यात होते. नाकात ऑक्सिजनची नळी, हातात सुई. नातीच्या मैत्रिणीने मांडवातून व्हिडिओ फोन लावून दिला. मंगलाष्टकं ऐकू आली, पण सगळा वेळ दिसली ती कुणा पाहुण्याच्या फेट्याची मागची बाजू. नात दिसलीच नाही. जिला मी न्हाऊ-माखू घातलं, तिच्या डोक्यावर माझ्या हातची अक्षत पडली नाही. तुम्हाला हसू आलं तर हसा, मीही हसते. त्या दिवशी मात्र नाही जमलं.

बाई तपासायला आल्या होत्या. फोन संपेपर्यंत पलंगाशी थांबल्या. मग मी मिठाचं आणि गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आख्खा वॉर्ड ऐकेल अशा ओरडणार. त्यांनी माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या,

“आजी, तुमची गोळी मी कमी केली ती त्या वजनावर विश्वास ठेवून. पुढच्या वेळी सुजून या, धापा टाकत या, हव्या तर चकल्या खाऊन या, पण तुम्ही स्वतः या. तुमच्या जागी भलत्याच सडपातळ बाईला पाठवू नका. मी तिची डॉक्टर नाही.”