शिंत्रे सर आणि शेवटचा फेर

रविवारी दुपारी मटण-भाकरी खाऊन वर ताक प्यायल्यावर माणसाने कोचावर बसू नये, हे मला चांगलं माहीत आहे. तरी मी बसले आहे. मांडीवर बास्केटबॉलचं जाळं आहे. त्याचं वरचं तोंड खिडकीच्या कडीला अडकवलंय आणि खालचा शेवटचा फेर अजून विणायचा आहे. पंखा फिरतोय. आतल्या खोलीत नवरा निवांत घोरतोय. संध्याकाळी मॅच आहे आणि माझ्या पापण्या ऐकायला तयार नाहीत.

त्या मिटायच्या आत सगळं सांगून टाकते, कारण झोप आली की मी कुणाची उरत नाही.

आमच्या गावाच्या ओढ्याअलीकडे तंत्र विद्यापीठ आहे आणि पलीकडे शेती विद्यापीठ. मध्ये एक अरुंद पूल. अलीकडच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक मी, सुनंदा इनामदार. पलीकडच्या संघाचे प्रशिक्षक हणमंतराव शिंत्रे. ते आम्हाला ‘पाना’ म्हणणार, आम्ही त्यांना ‘नांगर’ म्हणणार. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीआधी, दोघांची मॅच. ढाल नाही, चषक नाही. जो हरेल त्याच्या प्रशिक्षकाने पुढच्या मॅचसाठी हाताने जाळं विणायचं. ते जिंकलेल्यांच्या कोर्टावर, ओढ्याकडच्या रिंगेला बांधायचं. मॅच झाली की जिंकणाऱ्याने ते कापून घरी न्यायचं. शिंत्रेवहिनी तसल्या जाळ्यांत लसूण टांगतात.

गेल्या वर्षी आम्ही हरलो. म्हणजे जाळं माझ्याकडे. आता खरं सांगायचं तर मी हरले की दर वेळी शिंत्रे सर पूल ओलांडून यायचे, माझ्या गाठी बघून कपाळाला हात लावायचे आणि चहा पिता पिता शेवटचा फेर स्वतःच टाकायचे. सगळ्यांना माहीत होतं. खाली जाळं कसं संपवायचं, ते मला त्यामुळे कधी आलंच नाही. आणि श्रावणात सर गेले.

सकाळी त्यांच्या जागी आलेल्या ऋतुराजचा फोन होता. फार गोड मुलगा आहे. म्हणाला, “मॅडम, नसेल जमत तर ताण घेऊ नका. आम्ही नायलॉनचं आणून ठेवलंय.” त्याच्या त्या गोडपणाचाच मला राग आला. एकदा बाजारचं जाळं लागलं की पुढच्या वर्षी कोण विणत बसणार आहे? कुणीच नाही. मग आमची मॅच म्हणजे चार मॅचेसमधली एक मॅच.

दोरी बोटाला दोनदा गुंडाळते. तिसऱ्यांदा गुंडाळताना ती आपोआप पुढे सरकते.

कुणीतरी दुसऱ्या टोकाने ओढतंय.

“किती आवळताय वो मॅडम? बैलाचा जीव जाईल.”

समोरच्या खुर्चीत शिंत्रे सर बसलेत. तोच हिरवा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, पायात मात्र चपला. बूट घातले की पायाला घाम येतो ही त्यांची जुनी तक्रार. मला दचकायला हवं, पण मला आधी आठवतं की घरात दूध संपलंय.

“सर, तुम्ही गेलात ना?”

“गेलो की. तुमीच आला होता पोचवायला. समदे पाने संगं घिऊन.”

“मग?”

“मग काय? गेलो म्हणून मॅच चुकवायची व्हय?”

हे मला एकदम पटतं. मी चहा ठेवायला उठते. स्वयंपाकघरात फरशीवर पांढरी रेघ ओढलेली आहे, फ्री थ्रोची. ओट्यावर गुणफलक ठेवलाय. त्यावर आकड्यांच्या जागी ‘नांगर’ आणि ‘पाना’ एवढंच लिहिलंय. फ्रीजच्या वर, जिथे पिठाचे डबे असतात, तिथे रिंग आहे. तिला जाळं नाही.

“बगा,” सर मागून म्हणतात, “नुसतं कडं. बरं दिसतंय का?”

“नाही दिसत.”

“मंग बांदा की.”

“मला शेवटचा फेर येत नाही, तुम्हाला माहितीये.”

“हारलं कोण?”

“आम्ही.”

“किती फरकानं?”

“सर, मेल्यावर तरी माणसाने असं विचारू नये.”

ते खळखळून हसतात. हसताना त्यांचा डावा खांदा उडतो, तसाच आता उडतो. ते डावखुरे. फ्री थ्रो डाव्या हाताने, गाठही डाव्या हाताची. त्यांच्या गाठीची शेपटं सगळी डावीकडे वळायची आणि माझी उजवीकडे, त्यामुळे आम्ही दोघांनी मिळून विणलेलं जाळं रिंगेला जरा तिरकंच लोंबायचं. पोरं त्याला ‘मॅडम-सरांचं भांडण’ म्हणायची.

चहा उतू जातो. मी फडकं घ्यायला वाकते, तर खाली फरशी नाही, पुलाचे दगड आहेत. दोन्ही काठांवर पोरं जमलीयत. आमच्या बाजूने आरोळी उठते, “नांगर रुतला!” पलीकडून उत्तर येतं, “पाना पडला सैल!” माझ्या हातात चहाचे दोन कप आहेत आणि ते अजिबात हिंदकळत नाहीत.

“सर, खरं सांगते. मला भीती वाटतेय,” मी म्हणते.

“कशाची?”

“आज ते नायलॉनचं जाळं लागेल त्याची. लागलं की संपलं. तुमचं काहीच राहणार नाही तिथे.”

“माजं? माजं काय ऱ्हायचंय? पोरं हायत, कोर्ट हाय.” ते कपातून एक घोट घेतात. “साखर कमी हाय.”

“तुम्हाला डॉक्टरांनी बंद केलीय.”

“आता कशाचा डॉक्टर!”

मी चिडते. त्यांच्यावर मी कायमच चिडत आलेय आणि त्यांना ते कायमच आवडत आलंय. “तुम्हाला चेष्टा सुचतेय,” मी म्हणते. “मला तुमच्याशिवाय मॅच खेळायची नाहीये. ऋतुराजला मी काय चिडवणार? तो ‘सॉरी मॅडम’ म्हणतो. जिंकले तरी कुणाला दाखवायला जाऊ?”

सर कप पुलाच्या कठड्यावर ठेवतात. मला रडू येतं आणि मी ते थांबवत नाही, स्वप्नात कोण बघतंय.

“म्हंजे जिकायचा इचार हाय म्हणा की औंदा,” ते हळूच म्हणतात. “मला वाटलं हारायचीच तयारी केलीया.”

मग रडता रडता हसूच येतं.

पुलाचा दुसरा काठ म्हणजे त्यांच्या विद्यापीठाचा गोठा आहे. खरा गोठा कोर्टापासून बराच लांब आहे, पण इथे मधल्या वर्तुळातच एक खिल्लारी बैल उभा आहे. अंगावर हिरवी जर्सी. तो मला ओळखत असावा, कारण त्याने मान फिरवली.

“ह्येला मुसकं घाला,” सर म्हणतात.

मी माझं जाळं बघते. खालून उघडं. बैलाच्या तोंडाला लावलं तर तो खालून सगळं पीक खाऊन टाकेल. आणि मला ते पहिलं जाळं आठवतं.

ही मजा सांगायलाच हवी. ही प्रथा सुरू झाली तेव्हा आधीच्या वर्षी सर हरले होते. त्यांनी मोठ्या हौसेने जाळं विणलं. पण हात लहानपणापासून बैलांची मुसकी विणणारे, त्यांना जाळं म्हटलं की मुसकंच माहीत. त्यांनी ते खालून बंद केलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मॅच सुरू झाली, आमच्या पोरीने सुरेख बास्केट मारली, चेंडू रिंगेतून आत गेला आणि तिथेच बसला. खाली येईना. पंच शिट्टी तोंडात धरून वर बघत राहिले. शेवटी त्यांच्या विद्यापीठाच्या पेरूच्या बागेतली शिडी आणावी लागली. सर स्वतः चढले, खालच्या सरगाठीचं एक टोक ओढलं आणि चेंडू त्यांच्याच चपलेवर पडला. दोन्ही विद्यापीठं त्या दिवशी जेवढी हसली तेवढी पुन्हा कधी एकत्र हसली नाहीत. मॅच त्यांनी जिंकली आणि वहिनींनी त्या जाळ्यात कांदे भरले.

“घाला की,” सर म्हणतात. “बैल किती येळ थांबंल?”

“तुम्ही शेवटचा फेर टाका. मग घालते.”

“न्हाई.”

“सर!”

“पैज लावा. एक फ्री थ्रो. गेला तर शेवटचा फेर माजा. न्हाई गेला तर तुमचा.”

मी आयुष्यात त्यांना फ्री थ्रोमध्ये हरवलेलं नाही. ते कोचावर बसल्या बसल्यासुद्धा टाकतील. पण आज चेंडू माझ्या हातात आहे, आणि तो भाकरीच्या पिठाच्या गोळ्याइतका मऊ आहे. रेघ पायाखाली आहे. रिंग बैलाच्या शिंगांच्या वर कुठेतरी आहे, फ्रीजच्याही वर. काठांवरची पोरं गप्प झालीत. नांगर गप्प, पाने गप्प.

“गुडघं वाकवा,” सर म्हणतात.

“तुम्ही माझे प्रशिक्षक नाही.”

“बरं, नगा वाकवू.”

मी गुडघे वाकवते आणि टाकते.

चेंडू चांगला जातो. बोटांना लगेच कळतं, तसा जातो. वर जातो, रिंगेत शिरतो आणि खाली येत नाही.

आम्ही दोघं वर बघत उभे राहतो. बैलही बघतो.

“गेला ना?” मी विचारते.

“गेला. पर आला न्हाई.” सर डोकं खाजवतात. “थांबा, बगून येतो.”

पेरूच्या झाडाला टेकलेली शिडी ते उचलतात आणि रिंगेला लावतात. चपला खाली काढून ठेवतात, नीट जोडीने. मग एकेक पायरी चढायला लागतात. शिडी बरीच उंच आहे. मघाशी एवढी नव्हती.

“सर, पैज मी जिंकले.”

“जिकला की. कोण न्हाई म्हणतंय?”

“शेवटचा फेर तुमचा!”

“व्हय वो. माज्याकडं लागलं ते.” आवाज आता पानांतून येतोय. “तुमी रिंगेकडं बगा. पोरान्ला पानी द्या.”

“खाली कधी येताय?”

“चेंडू हाताला लागला की.”

पेरूचा वास येतोय. वरून एक दोरी हलते, माझ्या बोटांना हलका हिसका बसतो. मग आणखी एक.

“अगं, ऊठ. चार वाजले. तुझ्या पोरींचे फोन यायला लागलेत.”

नवरा समोर उभा आहे, हातात चहाचा कप, केस विस्कटलेले. पंखा फिरतोय. मी कोचावर वाकडी झालेय आणि मान अवघडलीय. डोळ्यांच्या कोपऱ्यात ओल आहे, ती मी पदराने पुसते.

“झालं वाटतं जाळं,” तो म्हणतो. मग जाळं उचलून उजेडात धरतो. “पण हे काय केलंस? खालून बंद केलंयस. ह्यातून चेंडू बाहेर कसा येणार?”

मी त्याच्या हातातून जाळं घेते. शेवटचा फेर पूर्ण आहे. माझ्या गाठींपेक्षा घट्ट आहे आणि सारखा आहे. खाली सगळ्या दोऱ्या एका सरगाठीत ओवून तळ बांधून टाकलाय, मुसक्याचा बांधतात तसा. वरच्या सगळ्या फेरांतली शेपटं उजवीकडे. शेवटच्या फेराची, एकूण एक, डावीकडे.

मी ती पुन्हा पुन्हा चाचपते. झोपेत माझ्याच बोटांनी हे केलं असेल म्हणावं, तर जागेपणी इतकी वर्षं जमलं नाही ते झोपेत कसं जमेल? आणि तेही डाव्या हाताने. मी हसायला लागते. अंगभर हसते, मग रडते, मग दोन्ही एकदम. नवरा कप हातात धरून तसाच उभा राहतो. एवढ्या वर्षांच्या संसारात तो एक गोष्ट शिकलाय, मॅचच्या दिवशी मला प्रश्न विचारायचे नाहीत.

“कात्री देऊ?” तो मात्र विचारतो. “खालून मोकळं करायला?”

“हात नको लावूस.”

चहाचा घोट घेते. साखर कमी आहे. फोन शोधते आणि ऋतुराजला लावते. तो पहिल्याच रिंगला उचलतो.

“मॅडम, झालं का? नाहीतर नायलॉनचं बांधूनच टाकतो, तुम्ही खरंच...”

“नायलॉनचं ठेवून दे आत,” मी म्हणते. “जाळं झालंय. मी घेऊन निघतेय.”

“अरे वा! मग अजून काही लागेल का मॅडम?”

“हो,” मी म्हणते. “पेरूच्या बागेतली शिडी काढून ठेव.”