वहीबाई

वहीबाईंना दोन आवाज होते, एक वाचायचा आणि एक बोलायचा. पुस्तक उघडलं की ‘तेव्हा तो त्यांस म्हणाला’ असं धुऊन वाळत घातलेलं मराठी त्यांच्या तोंडून निघे. पुस्तक मिटलं की लगेच, “लई ऊन हाय की सुमतीताई आज, वाईच पाणी द्या.” एकाच माणसाचे हे दोन आवाज ऐकून मला पहिल्या दिवशी हसू आवरेना. त्यांनीही ते मनावर घेतलं नाही. “हसा की. वाचायची भाषा मिशनच्या शाळेनं दिली, बोलायची आयनं दिली. दोगींनाबी न्हाय कसं म्हणू?”

सोलापुरात तेव्हा मिशनच्या अशा बायका घरोघर जात. लोक त्यांना बायबलबाई म्हणत. दुपारी दोनच्या पुढे पुरुषमंडळी कचेरीत आणि सासवा कलंडलेल्या, अशा वेळी त्या यायच्या. बायकांना लिहावाचायला, विणायला शिकवायच्या आणि शेवटी पाव तास येशूची गोष्ट वाचून दाखवायच्या. आमच्या घरी त्या मंगळवारी येत. माझे यजमान कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होते, ते रविवारपुरते घरी. उरलेले दिवस मी, सासूबाई आणि पुण्याहून नुकतेच वकील होऊन आलेले धाकटे दीर. मला दिवस गेले होते आणि बाळासाठी लोकरीची टोपी विणायची होती. सासूबाईंनी परवानगी दिली ती विणकामाला. येशूला त्यांनी टोपीबरोबर चालवून घेतलं.

बाई ओटीवर बसत, मी उंबऱ्याच्या आत. ही व्यवस्था कोणी सांगितली नव्हती, ती आपोआप झाली होती. पहिल्या दिवशी मी चहा द्यायचा म्हणून वेगळा कप शोधत राहिले, तर बाईंनी पिशवीतून स्वतःचा जस्ताचा पेला काढून पुढे ठेवला. “माझा पेला माझ्यासंगं असतो. तुमच्या घरात कोनाडा कशाला अडवायचा?” मी वरून चहा ओतला. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यांना वहीबाई हे नाव आमच्या घरानेच दिलं. पिशवीत एक जाड, काळ्या पुठ्ठ्याची वही असे. कुठल्या घरी गेलो, काय वाचलं, ऐकणाऱ्यांनी काय म्हटलं, हे मिशनला कळवायचं म्हणून त्या निघण्यापूर्वी ओटीवरच बसून लिहीत. वही उलटी केली की मागल्या बाजूने विणकामाचे नमुने: दोन सुलट, एक उलट, एक टाका सोडा. पुढून माणसं आणि मागून टाके, अशी ती वही दोन्हीकडून भरत चालली होती. बाकीच्या बायबलबाया म्हणे ‘बायांनी भक्तिभावाने ऐकले’ एवढंच लिहीत. वहीबाई जे ऐकत ते लिहीत. मिशनच्या मडमेला महिन्याकाठी त्यातलं थोडं वाचून दाखवत, आणि काय वाचायचं नाही ते त्यांना कळत होतं.

पण मला वाचून दाखवत. गावात येशूबद्दल किती मतं होती ते मला त्या वहीने कळलं. अत्तरवाल्यांच्या घरची थोरली बीबी म्हणाली होती, “ईसा तो हमारे बी नबी हैं बाई. सूली पो नै चढे उनो, अल्ला उठा लिया उनकू.” पूर्वेकडच्या पेठेत तेलुगू विणकरांच्या घरी खिळे ठोकलेल्या येशूचं चित्र दाखवलं, तर तिथली म्हातारी मागावरून उठली. ‘अय्यो पापम्, कुणाचं लेकरू हे’ म्हणत तिने चित्रावर आपला पदर घातला आणि पुढची गोष्ट ऐकायला साफ नकार दिला. आमच्या सासूबाईंचंही मत वहीत होतं. “देवमाणूस होता बिचारा. आपल्याकडे जन्मता तर आरती झाली असती, उगाच परमुलखात हाल काढले.”

“मग तुमची मडम काय म्हणते ह्यावर?” मी विचारलं.

“ती म्हणती, देवाचा एकुलता एक पुत्र. आन् मीबी तेच म्हणते. पण समोरचं माणूस येगळं म्हणलं तर ते खोडणारी मी कोण? म्हातारीनं पदर घातला, त्यो काय येशूला नको झाला असंल?”

भाऊजींचं मत मात्र सगळ्यांहून निराळं होतं. त्यांनी पुण्याहून इंग्रजी पुस्तकांची एक ट्रंक आणली होती. एका मंगळवारी ते दारातच उभे राहून म्हणाले, “बाई, त्या काळच्या कुठल्याही लेखकाने तुमच्या येशूची धड नोंद केलेली नाही. तो माणूस झालाच कशावरून?”

बाईंनी सुई खाली ठेवली. “माझ्या आज्याचं नाव कुटल्या बखरीत न्हाय, वकीलसाहेब. म्हणून मी बिनआज्याची झाले व्हय?”

मी हसले. आतून सासूबाईही हसल्या. भाऊजी हसले नाहीत. त्यांना कोर्टात हरण्याची सवय व्हायची होती अजून, आणि घरात हरण्याची तर मुळीच नव्हती.

त्यानंतर ते माझ्याशी जास्त बोलू लागले. वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठरलं होतं, विषय अर्थातच येशू झाला की नाही. ‘वहिनी, तुम्हाला काय वाटतं?’ असं ते विचारत. त्या घरात भाजीत मीठ किती, याखेरीज माझं मत कोणी विचारलं नव्हतं. मी फुलून गेले. बाईंची वही, तिच्यातली बीबी, विणकरांची म्हातारी, सगळं मी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, “ती वही एक दिवस मिळेल का? मला फक्त चाळायची आहे.”

मी बाईंना म्हणाले, “टोपीचा शेवटचा नमुना उतरून घेते. वही उद्यापर्यंत ठेवता?”

त्या क्षणभर वहीकडे पाहत राहिल्या. मग नेहमीसारखं त्या दिवसाचं टिपण लिहिलं, शाई वाळू दिली, आणि वही माझ्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेल्या. मी ती वही उघडूनही पाहिली नव्हती. वेळच मिळाला नाही, ती सगळा वेळ भाऊजींच्या टेबलावर होती.

व्याख्यानाला मी सासूबाईंबरोबर गेले. बायकांच्या बाजूला पुढेच बसले. भाऊजी छान बोलले. पुराव्यांचं, ग्रंथांचं झाल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढला. “हे कोणा परक्याचं लिखाण नाही. मिशनच्याच बाईच्या वहीतून उतरवलेलं आहे. एका गावात एका माणसाविषयी इतकी मतं, मग खरा येशू यातला कुठला?” आणि ते एकेक वाचू लागले. लोक हसत होते. सासूबाईंची आरती आली, तेव्हा सासूबाईंनीही तोंडाला पदर लावला. मीही हसत होते. हे सगळं मी आणून दिलेलं आहे, अशी एक शहाणपणाची गुर्मी मला चढली होती. ते हसू आज आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

मग भाऊजी म्हणाले, “आणि आता खुद्द बाईंचं मत ऐका.” त्यांनी वाचलं: “‘आज घरी परत आल्यावर लिहिते. येशूने विधवेचा मेलेला मुलगा उठविला, तो भाग तीन घरी वाचला. तिसऱ्या घरी आवाज फुटेना. मानमोडीच्या साथीत माझा शमुवेल गेला, तो मी तीन दिवस हाका मारल्या तरी उठला नाही. हे कोणाला वाचून दाखवायचे नाही.’”

मागून कोणीतरी टाळी वाजवली. एकाने वाजवली म्हणून इतरांनीही वाजवल्या. बाईंना मुलगा होता हे मला माहीत नव्हतं. चार-पाच महिने दर मंगळवारी त्या माझा हात हातात धरून माझ्या बाळाची टोपी विणून घेत होत्या, आणि मी त्यांना मूलबाळ किती, एवढं विचारलं नव्हतं.

आठ दिवसांत ती गोष्ट मिशनच्या बंगल्यावर पोहोचली. ज्या बाईचा स्वतःचाच विश्वास डळमळीत, तिने घरोघर काय सांगावं, असं तिथे ठरलं. घरभेटी बंद झाल्या. मंगळवेढ्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकावर देखरेख करायला बाईंना पाठवायचं नक्की झालं. लोकांच्या घरी जाणं, त्यांचं ऐकणं, हाच त्यांचा जन्म होता. तो काढून घेतला.

जाण्याच्या दिवशी त्या आल्या. मंगळवार नव्हता. ओटीवर बसल्या, पेला काढला नाही.

“ताई, एक इचारू? त्या दिवशी वही तुमच्याजवळच व्हती न्हवं?”

मला सांगता आलं असतं. घरात सासूबाईंखेरीज कोणी नव्हतं. मी म्हणाले, “फळीवर ठेवली होती हो. मी कामात होते. भाऊजींनी न विचारता उचलली असणार.”

“असंल,” त्या म्हणाल्या. “पुरुषमाणसं इचारत्यात कुटं?”

माझ्या जिवात जीव आला. हेही लिहून टाकते, इतकं लिहिलं आहे तर.

मग त्यांनी पिशवीतून घडी केलेला एक कागद काढला. “वही मडमेनं मागवून घेतली. द्यायच्या आदी तुमचा नमुना तेवढा फाडून आणला. तुमी त्यो उतरून घेतला न्हवता, मला ठावं हाय. शेवटच्या फेरीला दोन-दोन टाके एकत्र घ्या, न्हाईतर टोपी माथ्यावर उघडी ऱ्हाती.” उठता उठता त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या महिन्यांत त्यांनी मला आपणहून लावलेला तो एकच हात. हाताला हात लागे तो विणकामापुरता.

मंगळवेढा काही काशी नव्हे. मनात आणलं असतं तर दिवसात जाऊन परत येता आलं असतं. माझा मुलगा ती टोपी घालून मोठा झाला, शाळेत गेला, मी मात्र गेले नाही. पुढे कोणीतरी सांगितलं की बाई तिथेच वारल्या. शेवटपर्यंत त्या म्हणे वसतिगृहातल्या मुलींना विचारायच्या, आज वाचलेलं कसं वाटलं गं, आणि मुली काय वाटेल ते सांगत.

त्या दुपारी बाई गल्लीच्या वळणावर दिसेनाशा होताच मी कागद उघडला. टोपीचा नमुना होता, बाईंच्या ठसठशीत अक्षरातला. मी वही मागितली त्याच मंगळवारी ती दोन्हीकडून भरत मधोमध संपली होती, त्यामुळे शेवटच्या नमुन्याच्या पाठीवर पुढच्या बाजूचं शेवटचं टिपण आलं होतं. मी ते उलटून पाहिलं. वही माझ्या हातात देण्यापूर्वी, माझ्यासमोर बसून लिहिलेलं:

‘वकिलांचे घर. सून सुमती. मन लावून ऐकते, आपले मत सांगत नाही. घाई नाही. नमुन्यासाठी वही मागते, हिच्यापाशी ठेवीत आहे. आत शमुवेलचे लिहिले आहे, पण ही मुलगी भरवशाची.’

भाऊजींनी हे वाचलंच असणार. सभेत तेवढं वाचलं नव्हतं.

बाई अजून मोटारस्टँडपर्यंतही पोहोचल्या नसतील. मी उठले, पायात वहाणा घातल्या. आतून सासूबाईंनी हाक मारली, “काय गं, काय दिलं त्या बाईने? काय वाचतेस एवढं?”

मी वहाणा काढल्या.

“काही नाही,” मी म्हणाले, “टोपीचा नमुना आहे.”