स्वतःच्या मार्कांवर हरकत

जितूदादाला काहीही सांगितलं की तो आधी हातातली पेन्सिल वर करायचा आणि म्हणायचा, "हरकत आहे." चहा गार झालाय म्हटलं, हरकत. आज फार उकडतंय म्हटलं, हरकत. आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लाल रंगात, हातभर अक्षरांत 'शांतता राखा' असं लिहिलेलं होतं. त्यावरही त्याची हरकत होती. "एवढ्या मोठ्यानं कुणी शांतता राखायला सांगतं का?" असं त्याचं म्हणणं.

आमची ओळखही हरकतीनंच झाली. नालासोपारा पश्चिमेहून गास गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका समाजहॉलच्या वरच्या मजल्यावर ही अभ्यासिका होती. पहिल्याच दिवशी मी खिडकीजवळची खुर्ची दाखवून विचारलं, "इथे कुणी बसतं का?" समोरच्या टेबलावरून पेन्सिल वर झाली. "बसत कुणी नाही, पण तू बसायला माझी हरकत आहे. तिथला पंखा नुसता आवाज करतो, वारा देत नाही. इकडे सरक." मी मुकाट्यानं सरकले आणि पुढे परीक्षा होईपर्यंत त्याच टेबलावर राहिले.

अशा या माणसानं एक दिवस अशी हरकत घेतली की आम्हा सगळ्यांना धक्काच बसला. त्या धक्क्यातून मी अजून पुरती बाहेर आलेली नाही. आता तर एक नवाच धक्का बसलाय, म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही कोषागारातल्या कनिष्ठ लेखापालाच्या परीक्षेची तयारी करत होतो. सरकारी पगार, पेन्शनी, बिलं ज्या कचेरीतून मंजूर होऊन जातात ते कोषागार. तिथली ही जागा म्हणजे कारकुनाच्या वरची आणि साहेबाच्या खालची. आमच्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर दुसरंच काहीतरी व्हायचं होतं. अनिकेतला फौजदार व्हायचं होतं, तो "साइडला असू दे" म्हणून या परीक्षेला बसला होता. मला काहीही चाललं असतं. माझे वडील लांज्याहून आलेले, अंधेरीच्या एका कंपनीत फिटर, आणि आमच्या फ्लॅटचे हप्ते अजून संपायचे होते. कोषागारच हवं असा एकटा जितूदादा होता.

तो जवळच्याच वटार गावचा. घरची केळीची आणि फुलांची वाडी. वडील शाळेत शिपाई होते, ते गेल्यावर त्यांच्या पेन्शनीसाठी आईला एका कचेरीत फेऱ्या माराव्या लागल्या. लहानगा जितू तिच्याबरोबर जायचा. खिडकीच्या आतला माणूस मान वर न करता "पुढच्या आठवड्यात या" म्हणायचा. "मला त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचंय," जितूदादा सांगायचा. "बसायचं आणि मान वर करायची. बाकी काही नको." त्यासाठी त्यानं खाजगी कंपनीतली हिशेबनिसाची बरी नोकरी सोडली होती. चांगलं गणित येऊनही कधी जाहिरातच आली नाही, कधी तापानं घात केला, कधी थोडक्यात हुकलं. आता वय सरत आलं होतं. ही त्याची शेवटची परीक्षा होती आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

शिकवायचा मात्र झकास. सगळी उदाहरणं वाडीतली. घसारा म्हणजे वापरून वापरून वस्तूची किंमत दरवर्षी किती उतरते त्याचा हिशेब. तो करताना यंत्राच्या किमतीत ते बसवायचा खर्चही धरावा लागतो आणि आम्ही तो हटकून विसरायचो. जितूदादा कपाळावर हात मारायचा. "अरे, पंप दुकानातून आणून अंगणात ठेवला तर केळीला पाणी जाईल का? मिस्त्री आला, चौथरा बांधला, पाइप जोडला, तेव्हा तो पंप झाला. मिस्त्रीला विसरलात? वाळल्या केळी!" पुढे अभ्यासिकेत कुणाचंही गणित चुकलं की सगळे एका सुरात ओरडायचे, "वाळल्या केळी!" आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर येऊन भिंतीवरची ती लाल अक्षरं दाखवून जायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यानं प्रत्येकाच्या हातावर घरची सुकेळी ठेवली. वसईकडची ही वाळवलेली केळी खाल्ली की पोट भरतं आणि झोप येत नाही, असा त्याचा दावा होता. त्यावर मी हरकत घेतली तेव्हा तो खूश झाला.

पेपर सगळ्यांना बरे गेले. काही दिवसांनी पहिली उत्तरतालिका आली. म्हणजे परीक्षा घेणारे आपली उत्तरं जाहीर करतात, आपण आपली ताडून बघायची, आणि त्यांचं चुकलं असेल तर प्रश्नागणिक शुल्क भरून ऑनलाइन हरकत घ्यायची. त्या दुपारी आम्ही सगळे आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. जितूदादाची बेरीज झाली. चांगले मार्क होते. अनिकेत टाळ्या पिटायला लागला. जितूदादा मात्र पडद्याकडे बघत बसला होता.

"माझ्याच केळी वाळल्या," तो म्हणाला.

"कुठे?" मी विचारलं.

"घसाऱ्याच्या गणितात. यंत्र बसवायचा खर्च धरायचा विसरलो मी. मी!"

"मग एक प्रश्न चुकला. त्यात काय एवढं?"

"चुकला कुठे? उत्तरतालिकेत माझंच उत्तर बरोबर दिलंय. पेपर काढणाराही मिस्त्रीला विसरला."

अनिकेत टेबलावर चढायचा बाकी राहिला. "दादा, लॉटरी लागली तुला! पार्टी पाहिजे, बस्स!"

जितूदादानं माझ्याकडे वळून विचारलं, "तुझं काय आलं?" मी तो खर्च धरला होता. माझं उत्तर तालिकेत चूक दाखवलं होतं, आणि मी आपलंच चुकलं असणार असं धरून पुढे गेले होते. तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे. अगदी बरोबर आहे." मग त्यानं पुस्तकातलं ते पान काढलं, मोबाइलनं त्याचा फोटो घेतला आणि हरकतीचं पान उघडलं.

तो काय करतोय हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच.

"दादा, तू पागल झालायस का?" अनिकेत किंचाळलाच. "तुझे मार्क जातील! वर निगेटिव्ह बसेल ते वेगळंच! लास्ट चान्स आहे ना तुझा?"

"चूक माझ्या बाजूनं पडली म्हणून ती बरोबर होत नाही."

"अरे पण घेईल ना दुसरं कोणीतरी हरकत! तू कशाला?"

"मी घेते," मी कशीबशी म्हणाले. "दादा, माझं नुकसान झालंय, मी घेते. तू राहू दे."

"तूही घे. पण ज्याचं गेलं त्याच्या हरकतीला लोक रडगाणं म्हणतात. ज्याला मिळालं त्यानंच घेतली तर निदान वाचून तरी बघतील." मग आमचे चेहरे बघून तो हसला. "अरे, असं काय करता? एका प्रश्नानं माझं काही जात नाही. मी पुरेसा वर आहे."

मी माझा मोबाइल उघडेपर्यंत त्यानं बटण दाबलं होतं. खिडकीजवळचा तो पंखा तेवढा वाजत होता. आयुष्यात मी खोटं न बोलणारी माणसं पाहिली होती, लाच न घेणारी पाहिली होती. पण हातात आलेली भाकरी, कुणी मागितली नसताना, "ही माझी नाही" म्हणून परत ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला त्याचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. मला त्याचा संताप आला.

हरकत मान्य झाली. अंतिम उत्तरतालिकेत त्या गणिताचं उत्तर बदललं. आणि मग यादी आली.

माझं नाव होतं! वडिलांनी पेढे आणले, इमारतीत वाटले, आई देवापुढे बसली. त्या गडबडीत मी यादीत जितूदादाचं नाव शोधत होते. वरपासून खालपर्यंत बघितलं, नव्हतं. पुन्हा बघितलं. आम्हा दोघांचा प्रवर्ग एकच होता. त्या प्रवर्गात निवड झालेल्यांमध्ये शेवटचं नाव माझं होतं. त्याच्या खाली रेघ होती, आणि रेघेखाली प्रतीक्षा यादीत पहिलं नाव जितूदादाचं. हातातला पेढा मी तसाच ताटलीत ठेवला. एका गणितानं तो रेघेखाली गेला होता आणि त्याच गणितानं मी वर आले होते.

दुसऱ्या दिवशी बसनं वटार गाठलं. त्याची आई अंगणात फुलं निवडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं फुलं बाजूला सारून जागा केली. "बस गो बाय," ती म्हणाली. "तो वाडीत हाय. कालपासून पान्यावर हाय नुसता, जेवला नाय. पन कोनी आलं का हसतो." तिनं माझ्याकडे रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

जितूदादा केळीला पाणी सोडत होता. मी सरळ मुद्द्यावर आले. "मी ही जागा घेत नाही. लिहून देते तसं. म्हणजे तुझा नंबर लागेल."

एवढ्या दिवसांत तो चिडलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. "गप्प बस! मी काय तुला दान दिलं? बरोबर उत्तराला बरोबर म्हटलं फक्त. तुझे मार्क तुझे आहेत. ते सोडलेस तर तुझं उत्तर पुन्हा चूक ठरवल्यासारखं होईल. मग मी हरकत घेतली कशाला?" मग जरा शांत होऊन म्हणाला, "आणि पेढ्यांचं काय करणार? घरोघर जाऊन परत मागणार?" मला हसूही आलं आणि रडूही. निघताना त्यानं केळीच्या पानात बांधून सुकेळी दिली.

मी रुजू झाले. वरच्या कुणीही जागा सोडली नाही. प्रतीक्षा यादीची मुदत संपली आणि जितूदादाच्या वयाचीही. सकाळी वाडी आणि दुपारी अभ्यासिकेत शिकवणं, असं त्याचं सुरू झालं. त्या हरकतीची गोष्ट हळूहळू अख्ख्या पट्ट्यात पसरली. नवा मुलगा आला की जुने त्याला सांगायचे, "हे ते दादा, ज्यांनी स्वतःच्या मार्कांवर हरकत घेतली." मी कचेरीत किती जणांना सांगितली असेल! देव्हाऱ्यात बसवायचाच काय तो राहिला होता माझ्याकडून.

गेल्या महिन्यात मी खात्याची परीक्षा पास झाले. पेढे घेऊन वटारला गेले. अंगणात बांबूच्या मांडवावर सुकेळी वाळत घातली होती आणि जितूदादा ती उलटत होता. कानशिलावर पांढरे केस आले होते. त्यानं दर वेळचाच प्रश्न विचारला, "खिडकीवर कुणी म्हातारी आली तर मान वर करतेस ना?" मी म्हटलं, "करते. खुर्चीही देते." तो समाधानानं हसला. आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी विचारून बसले, "दादा, पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा हरकत घेशील ना?"

खरं तर मला उत्तर नको होतं. मला ते माहीत होतं.

"नाही," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो सुकेळी उलटत राहिला. "मला त्या दिवशी वाटलं होतं, माझं होणारच. खरं बोलूनही आपलं काही जाणार नाही असं असलं की खरं बोलणं सोपं असतं, स्मिता. जाणार आहे हे माहीत असतं तर हात उचलला नसता मी. यादी आली त्या दिवशी या केळींत बसून ढसाढसा रडलो. नंतर कितीतरी दिवस स्वतःला शिव्या घातल्या. तुलाही घातल्या एकदोन."

ज्या गोष्टीवर मी इतकी वर्षं उभी होते ती पायाखालून सरकल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी, त्या मांडवाशी उभं राहून, पहिल्यांदाच मला नीट दिसलं की या माणसाला ती खुर्ची माझ्याहून जास्त हवी होती आणि तरी त्या दिवशी तो मला केळीच्या पानात सुकेळी बांधून देत होता.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

फाटकापर्यंत तो सोडायला आला. तिथे थांबून, इकडेतिकडे बघत, हळूच म्हणाला, "पोरांना सांगू नकोस हं हे. त्यांना मी सांगतो, हरकत घ्यायचीच. आपले मार्क गेले तरी घ्यायचीच."

पोरांना मी सांगितलं नाही. लिहून मात्र टाकलं. हे वटारला पोचेल तेव्हा एक पेन्सिल वर होणार, हे मला ठाऊक आहे. होऊ दे. या वेळी मी ऐकणार नाही.