भाऊच्या बुटाचा पोचा

टेम्पो टेकडीवर चढत नाही, म्हणून कळव्याच्या चाळीतून सगळं सामान आम्ही हातांनी खाली उतरवलेलं. शेवटी पितळी हंडा राहिला. पप्पा म्हणाले, “अगं, पोचा पडलाय त्याला. भंगारात दे.” आई म्हणाली, “त्याच्यावर भाऊच्या बुटाची खूण आहे. ती मी सोबत नेणार.”

टेकडीवरच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या खाली उतरून गेलेल्यांनो, तो बूट तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे टँकरच्या रांगेत माणूस नाही, हंडा उभा राहायचा. हंडा म्हणजे माणूस. कितीही भांडण असो, दुसऱ्याचा हंडा कुणी हलवायचा नाही. भाऊ तेव्हा आपला नगरसेवक. त्याच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीला आई गेली नाही, कारण त्या दिवशी माझा टी.वाय.चा पेपर होता. दुसऱ्या दिवशी त्याने आईचा हंडा सगळ्यांदेखत लाथेने रांगेबाहेर उडवला. “मिरवणुकीला पाय दुखतात, पाण्याला नाय दुखत?” आईने हंडा उचलला. घरी येऊन एवढंच म्हणाली, “तू शिक. मग बघू.”

शिकले. आमच्या अख्ख्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी मान वर करून सांगते. वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्सला लागले, लोन काढलं, वर्तकनगरला वन बीएचके घेतला. सुरुवातीला आई उगाच नळ सोडायची, धार बघायची आणि बंद करायची. बंद करताना तुमची नावं घ्यायची.

यंदा भाऊचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणून तो आमच्या वॉर्डातून उभा राहिला आणि मतं मागायला थेट आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आला. “नागरिकांचं मत ऐकायला आलोय,” म्हणाला. लोक पार्किंगवर बोलले, खड्ड्यांवर बोलले. मग भाऊ म्हणाला, “माताभगिनींनी पण बोला.”

आई उठून वर गेली. आली ती हंडा घेऊन, आणि तो तिने टेबलावर, भाऊला दिलेल्या गुच्छासमोर ठेवला.

“अरे वा, मावशी! अँटिक पीस!” भाऊ हसला. दोघं-चौघं हसलेही.

मी माईक घेतला आणि तो पोचा कसा पडला ते सांगितलं.

“जुनं कशाला उकरता, ताई? कार्यकर्त्यांकडून चुकून…”

“कार्यकर्ता नव्हता. बूट तुमचा होता.”

भाऊ मागे वळून म्हणाला, “जरा पाणी द्या कुणीतरी.”

आईने हंड्याकडे बोट केलं. “देते की. त्याच्यामागे लाईनीत उभा राहा.”

पहिल्या रांगेतले देशपांडे काका खो-खो हसले. “भाऊ, लाईन म्हणजे लाईन!” मग अख्खा हॉल हसला. भाऊ न पिता गेला.

निवडणुकीत तो पडला. आमच्यामुळे नाही, असं लोक म्हणतात. म्हणू देत. मला त्या रात्री छान झोप लागली, आणि त्याची मला जरासुद्धा लाज नाही.

पण टेकडीवर टँकर अजून चालूच आहे, आणि आता रांगेवर दुसरा कुणी भाऊ आहे. परवा भांडी दुरुस्त करणारा दारात आला. हंडा बघून म्हणाला, “आजी, दोन ठोक्यात सरळ करतो.”

“आत्ता नको,” आई म्हणाली. “आमच्या घरी नळ आला की ये.”

तो आमच्या किचनमधल्या वाहत्या नळाकडे बघतच राहिला. त्याला काय कळणार, आई कुठल्या घराबद्दल बोलतेय.