माव वाटून सोडलात का, वैनी?

लग्न होऊन तंजावरात आले, त्या पहिल्याच चैत्रात खाकी शर्टातला एक अनोळखी माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "माव वाटून सोडलात का, वैनी?" मी मूळची सांगलीची. इडलीच्या पिठाला इथे माव म्हणतात एवढं तोवर कळलं होतं, पण ते वाटलं की नाही याची चौकशी परक्या पुरुषाने का करावी, ते कळेना. "तुम्हाला काय करायचंय?" असं मी फटकन विचारलं. तो रागावला नाही. "उद्या तेर अहे. करंट नाही. माव आज वाटून सोडा, टाकी भरून सोडा," म्हणाला आणि शेजारच्या दारात जाऊन तेच तमिळमध्ये विचारू लागला.

हे वेंकोबमामा, वीज खात्यातले लाइनमन. तेर म्हणजे देवाचा रथ. तो आमच्या दारावरून जातो, आणि इतका उंच, की रस्त्यावरून आडव्या गेलेल्या तारा पहाटे उतरवाव्या लागत आणि रथ पुढे सरकला की पुन्हा चढवाव्या लागत. ते काम मामांकडे. आदल्या दिवशी वीज जाणार असल्याचं सांगत भोंगा लावलेली रिक्षा फिरायची, पण मामांचं तिच्यावर समाधान नव्हतं. "रिक्षा सांगून जाते. ऐकून घेते का?" म्हणायचे, आणि रस्त्यातल्या एकूण एक घराची पायरी चढायचे. कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, कुणाची आई हवेच्या गादीवर आहे, हे त्यांना तोंडपाठ असे.

पुढेपुढे रथ आमचा कमी आणि पाहुण्यांचा जास्त झाला. चेन्नईहून बसेस येऊ लागल्या, परदेशी मंडळी आली, गच्चीवरची जागा आधीच ठरवून ठेवू लागली. शेजारचं घर पाडून तिथे लॉज उभं राहिलं. रथाच्या आठवड्यात मला माझी स्कूटर दाराबाहेर काढता येईना, म्हणून मी कुरकुर करायची. मामा म्हणत, "येऊं देत, वैनी. बघून जातील. आम्ही इथेच राहणार, मग आमचं आधी बघायचं." लॉजच्या मालकांनी एकदा गळ घातली, की एसीच्या खोल्या भरल्यात, आमची लाइन शेवटी बंद करा. मामांनी ती सगळ्यात आधी बंद केली. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

मग एका वर्षी रथाच्या चार दिवस आधी माझे सासरे इस्पितळातून घरी आले ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. मामा नेहमीसारखे आले, मशीन बघून खाली बसले. "माझ्या घरी चला. तिकडे करंट असतो," म्हणाले. सासरे हटून बसले. जन्मभर दारात उभं राहून रथ पाहिला, यंदा परक्याच्या घरी लपून बसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मामांना परका म्हटलं याची मलाच लाज वाटली. मामा नुसते हसले आणि संध्याकाळी स्वतः खांद्यावरून भरलेला सिलिंडर घेऊन आले. तो दुपारपर्यंत पुरणार होता. रथ दहाच्या आत जायचा, त्यामुळे काळजी नव्हती.

त्या वर्षी अकरा वाजले तरी रथ कोपरा वळला नव्हता. दोराच्या पुढ्यातच फोन उंच धरून माणसं उभी, ओढणाऱ्यांना पाऊल टाकायला जागा नाही. इकडे सिलिंडरचा काटा खाली येत होता. एवढ्या गर्दीत रुग्णवाहिका आत येणं शक्यच नव्हतं. मी माणूस पाठवून मामांना बोलावलं. जोडीदाराला खांबाजवळ उभं करून ते आले, काटा पाहिला, आणि तडक लॉजमध्ये गेले. मीही मागोमाग गेले. मालकांसमोर त्यांनी हात जोडले. "सार, तुमच्या जनरेटरचा करंट एका मशीनला द्या."

मालक उठले आणि त्यांनी वरच्या मजल्याचे एसी बंद केले, कारण जनरेटरला सगळा भार झेपला नसता. मागच्या बोळातून वायर आमच्या घरात आली आणि मशीन सुरू झालं. पाहुणे घाम पुसत, कुरकुरत खाली उतरले. कारण कळल्यावर आमच्या ओट्यावर बसून ताक प्यायले. मला त्यांचा राग उरला नाही.

साडेबाराला रथ दारावरून गेला. सासऱ्यांनी नाकात नळी असताना खुर्चीतून हात जोडले. बोळातल्या वायरीत कुणाचा पाय अडकू नये म्हणून मामा मागे तिच्यापाशी उभे होते. आत आल्यावर त्यांनी विचारलं, "दिसला का, अण्णा?"

"दिसला. तुला?"

"मला कधी दिसतो? मी तारा बघतो."

सासरे त्याच पावसाळ्यात गेले. पुढे तारा जमिनीखाली गेल्या, मामाही निवृत्त झाले. तरी रथाच्या आदल्या दिवशी तोच प्रश्न घेऊन दारात हजर. मी म्हटलं, "मामा, आता करंट जात नाही."

"ठाऊक अहे. घरात कोण आजारी, म्हणून विचारलं तर कोण सांगतं, वैनी? मावचं विचारलं की सगळं सांगतात."

गेल्या वर्षी मामा गेले. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती नेमकी मिक्सर लावताना येते. यंदा रथाच्या आदल्या दिवशी दारात कुणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग पदर खोचून समोर नव्याने राहायला आलेल्यांच्या घरी गेले. दारात उभ्या असलेल्या मुलीला तमिळमध्ये विचारलं, "माव वाटून झालं का?"

ती गोंधळली. "आम्ही विकतचं आणतो, अक्का," म्हणाली. मग दाराची कडी उगाच खालीवर करत राहिली, आणि हळूच म्हणाली, "बाबा आत झोपून आहेत. गर्दीत उद्या डॉक्टर येतील ना?"

मी चप्पल काढून आत गेले.