परभणीला इंजिनियर टिकत नाहीत

"परभणीला इंजिनियर टिकत नाहीत हो. गावच असलंय. काय करता?"

आमचे मालक भैय्यासाहेब मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना सांगत होते. मी त्यांच्यापासून हातभर लांब उभी. समोर बाईकचा पुढचा शॉकअप खोलून ठेवलेला. कोपरापर्यंत तेल. पाहुणे टायरच्या कंपनीतले. आमच्या रेसिंग टीमला पैसे पुरवायचे का नाही, ते बघायला आलेले.

त्यातल्या एकानं माझ्याकडं बघितलं. "आणि या?"

"ही? ही लोकल पोरगी. पुसायबिसायला ठेवलीय."

पाहुण्यानं मान हलवली आणि पुढच्या बाईककडं गेला. खुर्ची बघून माणूस पुढं जातो तसा.

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. नांदेडला शिकले. माझी डिग्री याच मालकानं हातात धरून बघितली होती, "वा" म्हणाला होता. पण ती घटकाभरची गोष्ट. डिग्रीवरचं आडनाव वाचून झाल्यावर मी पोरगी झाले. लोकल झाले. पुसायबिसायला झाले.

थुंकी आली तोंडात. गिळली. त्या दिवशी गिळली.

आमचं गाव ताडकळस. आबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मला लहानपणापासून गाडीच्या पोटात काय चाललंय ते बघायचा नाद. आबांनी नाद मोडला नाही. पोरीची जात म्हणून अडवलं नाही, शिकवलं. आमच्या घरात आजोबांनी नागपूरहून दीक्षा आणली. तेव्हापासून घरात बुद्ध आहे, बाबासाहेब आहेत, आणि दोघांच्या खाली माझी पुस्तकं.

भैय्यासाहेबांच्या घरच्यांची मानवतला कापसाची जिनिंग. रस्त्याला लागून शेत. त्यांना मातीवरच्या बाईक शर्यतींचा शौक. शेतात त्यांनी उंचवटे टाकून ट्रॅक केला, बाजूला पत्र्याचं मोठं वर्कशॉप बांधलं, टीमला 'जिल्हा घडवणाऱ्या' आजोबांचं नाव दिलं. नाशिक, कोल्हापूर, जिथं शर्यत असंल तिथं टीम जायची. बाईक होत्या, रायडर होते. इंजिनियर नव्हता. रायडरचं वजन, ट्रॅकची माती, उडी किती उंच, हे सगळं बघून बाईक बसवायची असती. ते येणारा माणूस पाहिजे होता. मला येत होतं थोडं. पण मला कोण विचारणार.

पुण्याहून मुलं यायची. खोटं कशाला सांगू, काहीजण गाव बघूनच परत फिरले. एकाला ऊन सोसेना. एकानं विचारलं, "इथं संध्याकाळी लोक करतात काय?" मी म्हणलं, "जेवतात." तो दुसऱ्या दिवशी गेला.

मग जाधव सर आले.

पुण्याचे. कोईमतूरला मोठ्या टीमात होते. मी विचारलं, सर, तिकडचं सोडून इकडं कसं काय? तर म्हणाले, "तिकडं मी फक्त ब्रेक बघायचो. इथं अख्खी गाडी माझी आहे. गावाचं काय, झोपायला खोली असली की झालं."

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातला फडका त्यांनी काढून घेतला. "तुम्ही इंजिनियर आहात ना? मग इकडं या." मला शेजारी उभं करून त्यांनी काम दाखवलं. माझं चुकलं तर चुकलं म्हणाले. बरोबर असलं तर मी म्हणेन तसं केलं. कामावरचा तेवढा एकच काळ मला माणसासारखा आठवतो.

भैय्यासाहेब लय खूश. "जाधव म्हंजे आपलेच पाव्हणे की!" बंगल्याच्या मागची पाहुण्यांची खोली सरांना दिली. जेवण बंगल्यात, बाईसाहेबांच्या पंक्तीला. बाईसाहेब म्हणजे भैय्यासाहेबांच्या आई. त्यांच्या हातची शेंगदाण्याची चटणी सरांच्या ताटात आपोआप पडायची. नाशिकला टीमचा रायडर पहिला आला. बाईसाहेबांनी सरांना ओवाळलं.

मला चहा कागदी कपात. बाकी सगळ्यांना कपबशी. सर रोज बघायचे, काही बोलायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा. एवढा शिकलेला माणूस, तोंड नाही का याला?

जयंतीचा आठवडा होता. सर ट्रॅकवर होते. बाईसाहेब गड्याला घेऊन खोली झाडून घ्यायला गेल्या. फळीवर बाबासाहेबांचा लहानसा फोटो. पुढं मेणबत्ती आणि दोन फुलं.

मी वर्कशॉपच्या दारात होते. बाईसाहेब अंगणात आल्या आणि ओरडल्या, "अरे, माझ्या पंक्तीला बसून जेवला रे त्यो! ओवाळलं म्या त्याला!"

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. गड्यानं गादी ओढत बाहेर आणली. उन्हात घालायला नाही, फेकायला. ताट, वाटी, तांब्या गोणीत भरले. खोलीत गोमूत्र शिंपडलं. सरांचे कपडे पायरीवर टाकले. इस्त्रीचे शर्ट, त्यावर गोमूत्राचे शिंतोडे. तो वास वर्कशॉपच्या दारापर्यंत आला. घाण कशाला म्हणतात हे लोक? घाण तर त्या अंगणात उभी होती, काठापदराची साडी नेसून.

सर आले. त्यांनी पायरी बघितली. शर्ट एकेक करून उचलले, घडी घातली.

भैय्यासाहेब खाली बघत म्हणाले, "सर, पाव्हणे यायलेत. खोली लागंल. तुमी गावात बघा एखादी. काम चालूच ठिवा, कामाचं काय न्हाई."

कामाचं काय नाही. माणसाच्या हातचं काम चालतं. हात चालत नाही.

मी सरांबरोबर परभणीत खोल्या बघायला गेले. एका रिटायर मास्तरांकडं वरचा मजला रिकामा होता. मास्तरांनी पाणी दिलं, किल्ली हातात घेतली, जिना चढता चढता विचारलं.

"जाधव. कोणते जाधव?"

"पुण्याचे."

"तसं न्हाई हो. म्हंजे मूळ? कुळदैवत कोणतं?"

सर जिन्यात थांबले. "आम्ही बौद्ध आहोत."

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली. "माझा मुलगा येणार हाय म्हणत होता सुट्टीला. इसरलोच होतो बघा."

दुसरीकडं तेच. तिसरीकडं दारातच. दुपारपर्यंत परभणीतल्या सगळ्यांचे मुलगे सुट्टीला येणार होते.

आबांना कळलं. ते म्हणाले, "सर, आमच्या आळीत चला. माझ्या भावाची खोली हाय. आपली माणसं हायत."

सर म्हणाले, "काका, मी अशाच आळीतून निघालोय. एवढं शिकून, एवढं फिरून परत आळीतच राहायचं? दुसरीकडं जागा नाही म्हणून?" आबांनी मान खाली घातली.

बसस्टँडवर सर मला म्हणाले, "तुमचा तो कागदी कप मी रोज बघत होतो. बोललो असतो तर माझाही कप बदलला असता. म्हणून गप्प होतो." गाडी लागली. ते गेले.

आणि त्या टायरवाल्या पाहुण्यांना सांगतायत, परभणीला इंजिनियर टिकत नाहीत. गावच असलंय. उन्हाला दोष, रस्त्याला दोष, लाइटीला दोष. ज्याला हे गाव चालत होतं, त्याचं अंथरूण यांनी फेकलं. नाव मात्र गावाचं खराब.

पाहुणे गेल्यावर दोन दिवसांनी भैय्यासाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. पहिल्यांदाच खुर्चीवर बसायला सांगितलं. मला वाटलं, लाज वाटली असंल.

"नव्या इंजिनियरांचे फोन यायलेत. तू बोलत जा त्यांच्याशी."

"बरं."

"गोड बोलून आडनाव इचारायचं. गाव, कुळदैवत. आडनावावरून कळंना तर मामाचं आडनाव. बाईमाणसानं इचारलं तर कुणाला राग येत न्हाई." मग थोडं हसले. "अन् तुला तर लगीच कळतंय तुमच्यातलं."

तुमच्यातलं.

म्हणजे या कामासाठी मी लायक होते. बाईक बसवायला नाही. माझ्याच माणसांचा वास घ्यायला. कुत्रं पाळतात तसं मला दाराशी बांधायचं होतं.

फोन लावलेलाच होता, स्पीकरवर. नागपूरची मुलगी. आवाजात हुरूप. तिला आमची नाशिकची शर्यत माहीत होती. कामाचं सगळं विचारून झालं आणि तिनं विचारलं, "ताई, तिकडं राहायची सोय कशी आहे?"

भैय्यासाहेबांनी बोटानं खूण केली. विचार.

मला भीती वाटत होती, खोटं नाही बोलत. पण गोमूत्राचे शिंतोडे पडलेले ते शर्ट डोळ्यांपुढं आले.

मी म्हणलं, "खोली चांगली हाय. पण खोली द्यायच्या आधी तुमची जात इचारायला मला हितं बसवलंय. ह्याच्या आधीच्या इंजिनियरची जात कळली तवा त्यांची गादी बाहेर फेकली. मालक समोर बसलेत, ऐकायलेत. मी इचारणार न्हाई."

मग ती म्हणाली, "ताई, तुमचं नाव काय?"

मी पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट.

भैय्यासाहेबांनी फोन हिसकावून बंद केला. "तुला काय कमी केलतं गं आमी? नोकरी दिली, चहा दिला..."

"चहा कशात दिला ते सांगा."

"निघ हितून. जिल्ह्यात कुठं उभी ऱ्हातीस ते बघतो."

मी निघाले. घरी येऊन आबांना सांगितलं. आबा हादरले. "बाई, त्यांचं लय वजन हाय. तू पुण्याला जा. तिकडं काम मिळंल." रात्रभर त्यांना झोप नाही.

सरांना फोन केला. भैय्यासाहेबांविरुद्ध ॲट्रॉसिटीची तक्रार करायलेय, म्हणलं. ते म्हणाले, "माझं नाव नका घेऊ, प्लीज. इथं नवीन आहे मी. इथं कुणाला माहीत नाही." मला वाईट वाटलं, राग आला नाही. ते कुणाला भितात ते मला माहीत आहे. पण त्यांच्या तोंडाला कुलूप आहे म्हणून माझ्या तोंडाला का असावं? माझ्या बाबतीत जे झालं ते माझं आहे. ते सांगायला मला कुणाची परवानगी नको.

मी परभणीच्या पोलीस ठाण्यात गेले. साहेब म्हणाले, "मिटवून घ्या ना. मोठी माणसं हायत. तुमचं पुढं लग्न व्हायचंय." मी म्हणलं, लिहून घ्या. त्यांनी बसवून ठेवलं. बसले. परत दुसऱ्या दिवशी गेले. म्हणलं, लिहून घ्या.

शेवटी लिहून घेतलं. भैय्यासाहेबांची माणसं दोनदा घरी येऊन गेली. एकदा पेढे घेऊन, एकदा नुसतीच. मी पुण्याला जाणार नाही. जिल्हा त्यांच्या आजोबांनी घडवला असंल, माझ्या आजोबांनीही इथंच हाडं झिजवलीत. तारीख पडंल तिथं मी उभी राहीन. तक्रार माझ्या नावानं आहे. मागं घेणार नाही.